उठत होते की नव्हते

उरवडे,
ता. ६ जानेवारी १९८५

चि. अनुसयास, सगुणावहिनीचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तू ठीक आहेस की नाही ते मला कळेना, म्हणून हे पत्र. तुझे दादा परवा कंपनीच्या कामाने पुण्याला आले होते, तेव्हा तुला भेटावं म्हणून वसतिगृहावर गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, अनुसया व्यायामशाळेत गेली आहे. हे शोधत शोधत तिकडे गेले आणि खिडकीतून बघतात तर काय, तुझ्या खांद्यावर लोखंडी रॉड, त्याच्या दोन्ही टोकांना जात्याच्या तळीएवढ्या चकत्या, आणि ते घेऊन तू खाली बसतेस नि उठतेस. हे हाक न मारताच माघारी आले. रात्री जेवले नाहीत. "पोरीला हितल्या भाऱ्याखालनं सोडवली, शिकाया घातली, आन तितं जाऊन ती हमाली करतीया," एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी म्हटलं, कॉलेजात असेल काहीतरी. पण माझं मलाच पटेना. सासूबाई गेल्या तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तेव्हापासून तुला मी वाढवली, आणि आता तुझी बातमी मला खिडकीतून कळते. कुणी जबरदस्ती करत असेल तर स्पष्ट लिही, मी स्वतः येते आणि बघते त्याच्याकडे.

आणखी एक. हे म्हणाले, तू ते वजन जिथून उचललंस तिथंच परत ठेवलंस. खरं आहे का हे? मग उचललं कशाला?

तुझी वहिनी,
सगुणा

*

पुणे,
ता. १४ जानेवारी १९८५

सौ. सगुणावहिनीस, अनूचा सप्रेम जय भीम.

पत्र वाचताना आधी हसले, मग दादा जेवले नाहीत तिथपर्यंत आले आणि हसू गेलं. हमाली नाही गं. जबरदस्तीही नाही. याला पॉवरलिफ्टिंग म्हणतात. कुस्तीसारखाच हा एक खेळ, फक्त समोर माणूस नसतो, लोखंड असतं. खांद्यावर घेऊन बसायचं आणि उठायचं, ही एक बैठक. बाकावर उताणं झोपून छातीवरून वर ढकलायचं, हा दुसरा प्रकार. जमिनीवरून मांड्यांपर्यंत उचलायचं, हा तिसरा. प्रत्येकाला तीन संधी.

हे सुरू कसं झालं ते सांगते. वसतिगृहात तांदळाची पोती आली होती आणि हमाल आलाच नाही. मी एक पोतं पाठीवर घेऊन जिना चढले. आम्हाला व्यायाम शिकवायला येणारे बहिरट सर जिन्यातच उभे होते. म्हणाले, "कुठली गं तू?" मी म्हटलं, मुळशीची. तर म्हणतात, "तुमच्याकडे बायका काय खातात?" मी म्हटलं, बायका उरेल ते खातात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला व्यायामशाळेत बोलावलं. दुपारी पुरुष येत नाहीत, तो वेळ आम्हा मुलींचा. आम्ही तिघीच आहोत. गुडघ्यांना पट्ट्या बांधायच्या, कमरेला चामड्याचा पट्टा आवळायचा आणि सर पुरे म्हणेपर्यंत बसायचं नि उठायचं. खोलीतल्या मुली आपली अंडी मला देतात आणि शेंगदाणे भिजत घालून ठेवतात. रोज सकाळी जिना उतरताना मांड्या रडतात, आणि दुपार झाली की पाय आपोआप तिकडे वळतात.

कशाला उचललं, हे तू विचारलंस. वहिनी, दोन दिवस विचार केला, मला उत्तर येत नाही. वर्गात सगळे भराभरा इंग्रजी बोलतात तेव्हा माझे हात कुठे ठेवावेत हे मला कळत नाही. रॉडखाली गेले की हात कुठे ठेवायचे ते कळतं. पण एवढ्यासाठी कोणी एवढं करतं का? मलाच माहीत नाही.

चोवीस फेब्रुवारीला इथे राज्याची स्पर्धा आहे. चांगली झाली तर महाराष्ट्राच्या संघात घेतील. तू ये. बघितलंस तर कदाचित तूच मला सांगशील मी हे का करते ते.

तुझी,
अनू

*

उरवडे,
ता. ३ फेब्रुवारी १९८५

चि. अनुसयास आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. "समोर माणूस नाय तर जिंकायचं कुणाला?" असं विचारलं त्यांनी. स्पर्धेच्या दिवशी ह्यांची कंपनीत पाळी आहे, म्हणून मी आणि शेजारच्या गोजराबाई येतो. गोजराबाईंना पुणं बघायचंच आहे.

मला एक काळजी आहे. आपल्याकडे भारा डोक्यावर घेताना एक जण हात लावतो, वाटेत कुणी अडकलं तर येणारा-जाणारा हात लावतो. तुला हात लावायला तिथे कोण असतं? लगेच कळव.

सगुणा

*

पुणे,
ता. ९ फेब्रुवारी १९८५

वहिनी, घाईत कार्ड लिहिते आहे. काळजी करू नकोस. दोन्ही बाजूंना आणि पाठीमागे मिळून पाच मुलं आधाराला उभी असतात. नक्की या. येताना भाकरी आण.

अनू

*

उरवडे,
ता. २८ फेब्रुवारी १९८५

चि. अनुसयास अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. गोजराबाईंना गाडी लागली, बाकी काही नाही.

अनू, स्पर्धेत काय झालं ते मी गावात सगळ्यांना सांगितलं. तू लिहिलं होतंस पाच मुलं आधाराला असतात. असतात, मी पाहिलं, चांगली दांडगी मुलं होती. पण तू दोनदा उठलीस आणि दोन्ही वेळा ते टेबलामागचे लोक नाही म्हणाले, ते काय मला कळलं नाही. तिसऱ्या वेळेला तू खाली बसलीस, उठायला लागलीस आणि मधेच अडकलीस. तुझा चेहरा काळानिळा पडला. पाय थरथरायला लागले. आणि ती पाचही मुलं नुसती हात पुढे धरून उभी. एकानेही हात लावला नाही. मी गोजराबाईंना म्हटलं, या पोरांना दिसत नाही का? गोजराबाई म्हणाल्या, "आगं ती मरतीया तितं." मग मला राहवेना. दोरी ओलांडून मी वर कधी गेले ते माझं मलाही आठवत नाही. मागून दोन्ही हातांनी रॉड उचलून धरला आणि तू उठलीस. उठलीस की नाही?

किती टाळ्या पडल्या. काही जण हसले, पण शहरातल्या लोकांचं मी मनावर घेत नाही. आणि तीन लाल दिवे एकदम लागले, ते तर फारच छान दिसले. त्याआधी पांढरे मधे मधे लागत होते, पण तिन्ही लाल कुणालाही मिळाले नव्हते म्हणे, गोजराबाई मोजत होत्या.

पण नंतर तू रडत होतीस. मी आणलेली भाकरी तू खाल्ली नाहीस. तुझे ते सर माझ्याकडे बघतच नव्हते. दमली असशील असं मी धरून चालले, तरी गाडीत सारखं तेच मनात येत राहिलं. संघात घेतलं की नाही ते कळव.

तुझी,
सगुणावहिनी

*

पुणे,
ता. ९ मार्च १९८५

सौ. सगुणावहिनीस सप्रेम जय भीम.

उशीर झाला, राग मानू नकोस.

संघात घेतलं नाही. लाल दिवा म्हणजे नापास. पहिल्यांदा मी पंचांनी सांगायच्या आधीच खाली बसले. दुसऱ्यांदा उठले, पण ठेवा म्हणायच्या आधीच रॉड ठेवायला निघाले. दोन्ही चुका माझ्याच. तिसऱ्या वेळेला पायांत काही उरलंच नव्हतं. तीन बैठकांपैकी एकही पास झाली नाही की स्पर्धा तिथेच संपते.

तू मनाला लावून घेऊ नकोस. मी उठत नव्हतेच. तू आली नसतीस तर रॉडसकट खाली पडले असते. तू मला वाचवलंस एवढंच खरं. भाकरी रात्री खाल्ली, खोलीतल्या मुलींनीही खाल्ली. सगळ्यांनी तुझी आठवण काढली.

तुझी,
अनू

*

उरवडे,
ता. १९ मार्च १९८५

चि. अनुसयास आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी वाचलं. मी भाकरी थापत होते, म्हणून ह्यांच्या हातात दिलं, ते द्यायला नको होतं. वाचून झाल्यावर म्हणाले, "पोरगी सवताच लिवतीया का आपल्याच्यानं उठत न्हवतं. मग कशापायी कंबर मोडून घ्यायची?" मी म्हटलं, पुढच्या वेळी उठेल. तर म्हणाले, "आन न्हाई उटली म्हंजी? दर खेपंला तू जाणार व्हय हात लावाया?"

खरंच तर आहे. झेपत नसेल तर सोड ना गं. अभ्यास कर. ह्यांनी ठरवलंय की व्यायामशाळा बंद. ऐकायचं नसेल तर परीक्षा झाल्यावर येऊन तुझी पेटी घेऊन येणार आहेत. मला वाईट वाटतं, पण तुला मरताना मी पाहिलं आहे. माझ्या डोळ्यांपुढून ते जात नाही. मी तरी कुणाची बाजू घेऊ?

सगुणा

*

पुणे,
ता. २५ मार्च १९८५

वहिनी,

दादांना सांग, पेटी न्यायला येऊ नका. मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं. तुला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं, आणि आता त्यावरूनच माझी व्यायामशाळा बंद होणार म्हटल्यावर खरं सांगणं भाग आहे.

मी उठत होते. सर म्हणतात, मुलगी अडकली होती पण वर येत होती, आणखी क्षणभर थांबायला हवं होतं. ती पाच मुलं तेवढ्यासाठीच थांबली होती. दुष्टपणाने नाही. रॉड पुन्हा खाली जायला लागला किंवा आम्ही हाक मारली तरच हात लावायचा, तोवर नाही, असा नियम आहे. दुसऱ्या कुणाचाही हात लागला की उठलेलं उठलं नाही असं धरतात. तुझा हात लागला आणि तिथे सगळं संपलं. वर्षभराचं सगळं.

तुला हे माहीत नव्हतं हे मला माहीत आहे. मीच कार्डावर नीट लिहायला हवं होतं. पण झेपत नाही असं दादांनी म्हणू नये. मला झेपत होतं.

अनू

*

पुणे,
ता. ६ मे १९८५

वहिनी,

तुझं पत्र नाही. परीक्षा झाली, दादा पेटी न्यायला आले नाहीत, नको असंही कुणी कळवलं नाही. मी रोज दुपारी व्यायामशाळेत जाते आणि परत येताना फाटकाशी दादा दिसतात का बघते. सुट्टीत इथेच एका छापखान्यात काम धरलं आहे. खरं म्हणजे घरी यायची भीती वाटते. तुला राग आला असेल तर रागाचं पत्र लिही.

अनू

*

उरवडे,
ता. ३० जून १९८५

चि. अनुसयास.

मी लिहिलं नाही कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. आता पेरण्या झाल्या, जरा बसायला सवड आहे, तर तुझी मार्चमधली दोन्ही पत्रं पुढ्यात घेऊन बसले आहे.

एकात तू म्हणतेस, मी उठत नव्हते. दुसऱ्यात म्हणतेस, मी उठत होते. पहिलं माझं मन राखायला, दुसरं व्यायामशाळा राखायला. मग खरं कोणतं? कारण उठत नसशील तर मी माझं माणूस वाचवलं. आणि उठत असशील तर तुझ्या वर्षाच्या मेहनतीवर मी माझ्या हातांनी पाणी ओतलं, आणि वर गावभर बढाई मारत फिरले. तीन महिने मी या दोन्हींच्या मधे लोंबकळते आहे. कधी सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं.

तुझं दुसरं पत्र मी ह्यांना दाखवलं नाही. नुसतं म्हटलं, पोरगी आणखी एक साल करणार, पेटी आणायला गेलात तर मी माहेरी जाईन. माहेरी माझं कुणी उरलं नाही हे ह्यांना माहीत आहे, तरी गप्प बसले. म्हणून पेटी आणायला कुणी आलं नाही.

तुला एक सांगायचं आहे, सबब म्हणून नाही. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या तरुणपणी आपल्या वस्तीतली बाई भारा घेऊन वाटेत अडकली, तर गावातलं कुणी तिच्या भाऱ्याला हात लावायचं नाही. विटाळ व्हायचा ना. मग ती भाऱ्याजवळ बसून राहायची, आपल्यातलं कुणी येईपर्यंत, ऊन उतरलं तरी. म्हणून आपल्यात शिकवण अशी की आपलं माणूस भाऱ्याखाली दिसलं की विचारायचं नाही, आधी हात लावायचा. मी पाच माणसं नुसती उभी पाहिली आणि मला दुसरं काही सुचलंच नाही. आता तू म्हणतेस ती चांगल्यासाठी उभी होती. असेल. शिकलेल्या लोकांचा नियम आहे, तो चुकीचा कसा म्हणू? पण माझ्या डोक्यात तो बसत नाही.

खरं काय ते एकदा लिही. मला वाईट वाटेल म्हणून नको, दादांसाठी नको. नुसतं खरं.

सगुणा

*

पुणे,
ता. १२ जुलै १९८५

सौ. सगुणावहिनीस सप्रेम जय भीम.

पत्र चार वेळा लिहून फाडलं.

मला माहीत नाही, वहिनी. हेच खरं आहे. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा वाटत होतं उठत नव्हते. दुसरं लिहिलं तेव्हा देवाशपथ, म्हणजे कुणाचीही शपथ, उठत होते असंच वाटत होतं. सर म्हणतात उठत होतीस. आमच्यातल्या मुलींपैकी एक म्हणते, खाली चालली होतीस. पाच मुलांपैकी एकाला मी रस्त्यात गाठून विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, माझं लक्ष तुमच्या वहिनींकडे गेलं."

मी तिथे होते, मीच त्या रॉडखाली होते, आणि मलाच सांगता येत नाही. मला एवढंच आठवतं की गुडघ्यांच्या वर कुठेतरी सगळं थांबलं. वर नाही, खाली नाही. मग तुझे हात लागले. मागे न बघता मला कळलं की ते तुझे आहेत. आणि बरं वाटलं. ते बरं वाटलेलं मी कुणाला सांगितलं नाही, सरांना तर नाहीच. त्यानंतर लाल दिवे बघितले आणि तुझा इतका राग आला की भाकरीकडे बघवेना.

आता दुपारी सरावाला गेले की रोज तीच जागा येते. कधी पार होते, कधी नाही. सर म्हणतात, तिथे विचार करू नकोस. पण मी तिथेच सगळ्यात जास्त विचार करते. मी हे सोडावं का? तूच सांग. माझ्या डोक्यात नुसता गोंधळ आहे.

तुझी,
अनू

*

उरवडे,
ता. ८ डिसेंबर १९८५

चि. अनुसयास अनेक आशीर्वाद.

दिवाळीला आलीस तेव्हा आपण दोघी सगळ्याबद्दल बोललो, फक्त याबद्दल नाही. तू करंज्या तळत होतीस, मी लाटत होते, आणि दोघींनाही माहीत होतं. तू गेल्यावर मला स्वतःचाच राग आला.

गवताची कापणी चालू आहे. मंगळवारी डोंगराच्या पोटाला आम्ही दोघीच होतो, मी आणि गोजराबाई. मी म्हटलं, आज मला हात लावू नका. त्या म्हणाल्या, "डोस्कं फिरलं व्हय गं तुजं?" मी भारा बांधाला टेकवला, खाली बसून डोकं घातलं आणि एकटीच उठायला लागले. भारा ओला होता आणि मी आता पूर्वीची राहिले नाही. अर्ध्यात अडकले.

गोजराबाई पुढे झाल्या तशी मी मानेनेच नको म्हटलं. आणि तिथे, धड बसलेली नाही धड उभी नाही, अशी असताना मी स्वतःला विचारलं, सगुणे, तू उठतेस का? अनू, उत्तर येईना. पाय हो म्हणत होते आणि कंबर नाही म्हणत होती. मला खरंच कळेना मी वर चालले आहे की खाली. आता कळेल, आता कळेल असं वाटत होतं, तेवढ्यात गोजराबाईंना राहवलं नाही आणि त्यांनी भाऱ्याखाली हात घातला. मी उठले. वर आल्यावर त्यांच्याशी इतकी भांडले की त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "हात लावला तरी शिव्या, न्हाई लावला तरी शिव्या, मानसानं करावं काय?" मग मीच त्यांच्या घरी जाऊन चहा प्यायले.

म्हणजे तू मला फसवलं नाहीस. दोन्ही पत्रं खरी असतील किंवा दोन्ही नसतील. मला सगळं समजलं असं नाही, पण तुझ्यावरचा राग गेला आणि माझ्यावरचाही निम्मा गेला.

सोडावं का, असं तू विचारलं होतंस. सोडू नकोस. का, ते मला सांगता येत नाही. त्या जागी आत्तापर्यंत तुला एकटीला कुणी राहू दिलेलं नाही, मी तर नाहीच. तिथे एकदा तू राहून बघ. पुढच्या स्पर्धेला मी येणार आहे, हे पण येतात म्हणाले. हात लावणार नाही असं वचन देते. पाळता येईल की नाही हे तिथे आल्यावर कळेल.

तुझी,
सगुणावहिनी

*

पुणे,
ता. २५ फेब्रुवारी १९८६

सौ. सगुणावहिनीस सप्रेम जय भीम.

तू मला न भेटता का गेलीस? मी पट्ट्या सोडून बाहेर येते तर खुर्ची रिकामी. दादा एकटेच उभे. म्हणाले, "ती गेली यष्टी-ष्टँडवर. काय बोललीच न्हाई." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तेही निघाले. जाता जाता म्हणाले, "समोर मानूस न्हाई म्हनलो हुतो मी. हाय." एवढंच. याचा अर्थ काय ते मी अजून विचार करते आहे.

संघात घेतलं. ही बातमी पत्राने द्यावी लागते आहे म्हणून मला तुझा राग आला आहे.

तू होतीस, तू पाहिलंस, तरी लिहिते. या वेळी पहिल्या दोन बैठका पास झाल्या. पण संघात यायचं तर तिसरी हवीच होती आणि तेवढं वजन मी सरावात एकदाही उचललं नव्हतं. खाली बसले. उठायला लागले. आणि तीच जागा आली. आता लाजेची गोष्ट ऐक. मी वाट बघितली. मला माहीत होतं तू वचन दिलं आहेस, मला माहीत होतं हात लागला तर सगळं जाईल, आणि तरी मी तिथे अडकून तुझ्या हाताची वाट बघत होते. तो आला नाही. मला इतका राग आला, वहिनी, की जणू तू मला सोडून दिलंस. त्यानंतर मी उठले. कशी, ते मला सांगता येणार नाही. दोन पांढरे दिवे, एक लाल. दोन पांढरे पुरतात. पुढचे दोन्ही प्रकार नेहमीसारखे झाले.

सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी तुला शोधत होते. मला भांडायचं होतं की तुझ्या गळ्यात पडायचं होतं ते मला माहीत नाही. अजूनही नाही.

मागच्या वर्षी मी उठले असते का, ते या वर्षी उठल्यावर तरी कळेल असं वाटलं होतं. नाही कळलं. एप्रिलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा आहे, लांब आहे, दोन दिवसांचा प्रवास. तू येशील का? आणि का गेलीस ते लिही.

तुझी,
अनू

*

उरवडे,
ता. ४ मार्च १९८६

चि. अनुसयास अनेक अनेक आशीर्वाद.

गावात पेढे वाटले. गोजराबाईंनी दोन घेतले आणि म्हणाल्या, "त्यातला येक माज्या हाताचा." असू दे त्यांचा.

का गेले ते लिहिते. तू अडकलीस तेव्हा मी दोनदा उठले होते. पहिल्यांदा ह्यांनी पदर धरून बसवलं. दुसऱ्यांदा माझी मीच बसले. पदराचा बोळा तोंडात कोंबला, खुर्चीच्या कडा धरल्या आणि बसून राहिले. आपलं माणूस समोर भाऱ्याखाली आहे आणि मी बसून आहे, असं माझ्या जन्मात कधी झालं नव्हतं. तू उठलीस, सगळे लोक उभे राहिले, हे उभे राहिले, रडत होते. मला उभं राहता येईना. मला आनंद होत होता आणि मी काहीतरी वाईट केलं असंही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी. कोणत्या तोंडाने तुझ्यासमोर येऊ ते कळेना, म्हणून गेले.

आणि आता तू लिहितेस की तू वाट बघत होतीस. ते वाचून मी चुलीपुढे बसून रडले. मला वाटत होतं, माझा हात म्हणजे तुझ्या वाटेतली अडचण झाला आहे. तुझा राग बरोबर आहे. तो राहू दे.

एप्रिलला मी येणार नाही. एकदा बसून राहिले, पुन्हा जमेल असं वाटत नाही. तिथे ती जागा येईल, ती येणारच. तेव्हा तुझे सर काहीही सांगोत, माझी वाट बघायची तशी बघ. हात येणार नाही, अनू. तरी बघ.

तुझी,
सगुणावहिनी